शून्य आणि गैरहजर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

ज्यांच्यासमोर उभं राहिलं की आजही हात आपोआप मागे जातात असे सर्व सर आणि बाई, आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तेव्हा एआयवर बोल." एआयवर बोलणारे सध्या गल्लोगल्ली आहेत, म्हणून मी विषय जरा बदलून मागितला. गेली वीसेक वर्षं माझं काम एका प्रकारच्या प्रोग्रामशी आहे. तुम्ही मोबाईलवर एक गोष्ट पाहिली की पुढे कोणती दाखवायची, हे ठरवणारे प्रोग्राम. वस्तू विकायच्या असोत, बातम्या असोत वा गाणी, आतलं गणित साधारण सारखंच असतं. आज मला गाण्यांबद्दल बोलायचं आहे. ज्याच्या मागे कंपनी नाही, सिनेमा नाही, असा गाणारा माणूस आज श्रोता कसा शोधतो, आणि त्यात आपलं, म्हणजे या सभागृहात बसलेल्यांचं, काय काम आहे.

आधी आपल्या वेळची परिस्थिती आठवू. आपण शाळेत होतो तेव्हा गाणं ऐकायचं म्हणजे रेडिओ, नाहीतर टेपरेकॉर्डर. आपल्यातले कितीतरी जण कागदावर गाण्यांची यादी लिहून बाजारपेठेतल्या दुकानात द्यायचे आणि कोरी कॅसेट भरून आणायचे. एका बाजूला तीस मिनिटं बसायची, त्यामुळे कोणतं गाणं घ्यायचं आणि कोणतं गाळायचं यावर घरात भांडणं व्हायची. दोन्ही बाजू पाठ होईपर्यंत ती कॅसेट वाजायची.

गाणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर ते दिवस सोपे मुळीच नव्हते. १९०२ साली कलकत्त्यात गोहरजानचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हापासून आपल्याकडे रेकॉर्ड कुणाची निघणार हे कंपनी ठरवत आली. आकाशवाणीवर गायचं तर ऑडिशन द्यायची, श्रेणी मिळवायची. चिपळूणहून रत्नागिरी केंद्रावर जाऊन ऑडिशनला बसलेले आणि नापास होऊन संध्याकाळच्या एसटीने परत आलेले गायक आपल्या ओळखीत होते. दार अरुंद होतं आणि बहुतेकांसाठी बंद होतं.

पण एक लक्षात घ्या. ज्यांना ते दार उघडलं नाही, ते गायचे थांबले नाहीत. गावातलं भजन होतं. शिमग्याला पालखीबरोबर नमन-खेळे होते. गणपतीत जाखडी होती. मध्ये गाणारे-वाजवणारे बसलेले, भोवती पायात चाळ बांधलेली पोरं गोल नाचतायत, समोर शक्तीवाले आणि तुरेवाले एकमेकांना पदांतून सवाल टाकतायत, आणि पहाटेपर्यंत अंगण हलत नाही. त्या शाहिराला रेकॉर्ड नव्हती, रेडिओ नव्हता, पण दोनशे श्रोते होते. समोर बसलेले, नावानिशी ओळखणारे, आणि पद फसलं तर तोंडावर सांगणारे.

आता दार अरुंद नाही, किंबहुना दारच राहिलेलं नाही. कुणीही घरी गाणं रेकॉर्ड करून थोड्या पैशांत, कधी फुकटही, जगभर उपलब्ध करू शकतो. ही खरोखर मोठी गोष्ट आहे, तिला नावं ठेवायला मी उभी नाही. जळगाव जिल्ह्यातला संजू राठोड स्वतः लिहितो, चाल लावतो, गातो. २०२४ मध्ये त्याचं 'गुलाबी साडी' आपल्यातल्या प्रत्येकाच्या घरच्या लग्नात वाजलं. तीस वर्षांपूर्वी हे असं घडलं नसतं.

मात्र एक गाणं वर येताना दिसतं, तेव्हा खाली काय शिल्लक राहतं तेही पाहू. ल्युमिनेट नावाची संस्था संगीत व्यवसायाची मोजदाद करते. तिच्या २०२३ च्या अहवालात ऑनलाइन ऐकता येणाऱ्या सुमारे १८ कोटी ४० लाख गाण्यांचा हिशेब होता. त्यातली साडेचार कोटींहून जास्त गाणी त्या वर्षात एकदाही वाजली नाहीत. एकदाही नाही, म्हणजे गाणाऱ्याच्या आईनेसुद्धा तिथे ऐकलं नाही. आणि रोज साधारण लाखभर नवी गाणी येऊन पडतात. त्यात आता यंत्राने बनवलेल्या गाण्यांची भर. डीझर या फ्रेंच कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की त्यांच्याकडे रोज येणाऱ्या गाण्यांपैकी १८ टक्के, म्हणजे वीस हजारांच्या वर, पूर्णपणे यंत्राने केलेली असतात. ती गाणी करणाऱ्याला रियाज करावा लागत नाही, त्याचा घसा बसत नाही आणि त्याला दुसऱ्या दिवशी कामावरही जायचं नसतं.

आमच्या वाडीतल्या एका शाहिराला मात्र दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं. वय तीसच्या आत. लोट्याच्या एमआयडीसीत पाळीवर नोकरी. आजोबा शक्तीवाले होते, त्यांच्या हस्ताक्षरातली बाडं घरात होती. त्यातली काही २०२१ च्या २२ जुलैच्या पुरात भिजली. त्या दिवशी आपल्या गावाचं काय काय गेलं, हे इथे कुणाला सांगायला नको. १८६४ पासूनच्या आपल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरलं होतं. या पोराने ओली पानं पंख्याखाली वाळवली, जेवढं वाचता आलं तेवढं उतरवून काढलं, आणि मग स्वतः लिहायला लागला. पाळ्या सांभाळून दोन वर्षांत अकरा पदं केली. पगारातून पैसे साठवून ती रेकॉर्ड केली आणि यूट्यूबवर टाकली.

गेल्या गणपतीत तो मला भेटायला आला. मोबाईल पुढे केला. सगळ्यात जास्त ऐकलं गेलेलं पद दोनशे बारा वेळा, सगळ्यात कमी सतरा वेळा. मला म्हणाला, "ताई, तू कॉम्प्युटरवाली. मला येवडंच सांग. माजं गानं वायट हाय, का कोनाला दिसतच न्हाय? वायट आसंल तं मी थांबतो. बायको बोलते, पैसे जातायत."

मित्रांनो, हा प्रश्न साधा नाही. घरातला पैसा, झोपेचे तास आणि आजोबांपासून आलेली एक विद्या, तिन्ही त्यावर अवलंबून आहेत. वाईट असेल तर थांबणं शहाणपणाचं. दिसतच नसेल तर थांबणं म्हणजे फुकट गमावणं. आणि मोबाईलवरचा आकडा दोन्ही बाबतींत सारखाच दिसतो.

इथे मला आपल्या शाळेचं प्रगतिपुस्तक आठवतं. पेपरला बसून काहीच न आलेल्या मुलाच्या नावापुढे सर शून्य लिहायचे. पेपरलाच न आलेल्या मुलापुढे शून्य लिहीत नसत, 'गैरहजर' लिहायचे. दोघांच्या बेरजेत भर सारखीच पडते, पण अर्थ वेगळा असतो. आम्ही माहितीचे साठे बांधतो तेव्हा अगदी पहिल्या धड्यात हेच शिकवतात: शून्य ही माहिती आहे, आणि रिकामी जागा म्हणजे माहितीच नाही. दोन्ही एकत्र कालवली की पुढचा सगळा हिशेब चुकतो. आज गाण्यांच्या बाबतीत नेमकं हेच कालवलं गेलं आहे. कुणी न ऐकलेलं गाणं आपण नापास समजतो. त्याचा पेपर अजून कुणी हातातही घेतलेला नसतो.

असं का होतं, ते माझ्या कामातलं असल्यामुळे सोपं करून सांगते. गाणं सुचवणाऱ्या प्रोग्रामचा मोठा भाग गाणं समजून घेत नाही, माणसांच्या सवयी जुळवतो. समजा सुनीताला आणि सुजाताला नऊ गाणी सारखी आवडली. दहावं सुनीताने ऐकलं, की ते सुजातालाही दाखवायचं. युक्ती साधी आहे आणि ती चांगली चालते. अडचण एकच. जे गाणं अजून ना सुनीताने ऐकलं ना सुजाताने, त्याबद्दल प्रोग्रामला काहीच सांगता येत नाही. आवाजाचा पोत, ताल, भाषा यांवरून तो काही अंदाज बांधतो, थोड्या लोकांना दाखवूनही पाहतो. पण तेव्हा त्याच्याकडे तशी रोजची लाखभर गाणी रांगेत उभी असतात. ते थोडे लोक पाच सेकंदांत पुढे सरकले की तो म्हणतो, नको. आणि ते लोक कोण? कदाचित लखनौचा एखादा मुलगा, ज्याला जाखडी हा शब्दही माहीत नाही.

आता पदाची रचना बघा. आधी गण, मग गौळण, मग सवाल. ढोलकी तापायलाच मिनिट जातं. स्पॉटिफायवर अर्धं मिनिट ऐकलं तरच ते ऐकणं मोजतात. आपल्या शाहिराचं गणरायाला आवाहन तेवढ्यात पुरं होत नाही. त्यामुळे हल्ली नवी पोरं गण वगळून थेट ठेक्यावर येतात. त्यांना दोष द्यायचं मला काही कारण दिसत नाही, कारण मोजपट्टी जशी असते तसं कापड कापलं जातं.

पैशाचंही सांगते, कारण 'आता ऑनलाइन कमाई होते ना' असं आपण सहज म्हणतो. यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा मिळायला एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास पाहणं लागतं. छोट्या व्हिडिओंसाठी वेगळी अट आहे, ती सोडून देऊ. पाच मिनिटांचं पद धरलं तर चार हजार तास म्हणजे ते पूर्णपणे अठ्ठेचाळीस हजार वेळा ऐकलं जायला हवं. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला की ज्या गाण्याला वर्षात हजार वेळाही कुणी ऐकलं नाही, त्याचे पैसे धरायचेच नाहीत. आणि जे पैसे वाटले जातात, ते साधारण एकाच मोठ्या पिशवीतून. सगळ्यांची वर्गणी एकत्र, आणि ज्याची गाणी एकूणात जितकी जास्त ऐकली गेली, तितका त्याचा वाटा मोठा. म्हणजे माझ्या मावशीने पैसे भरून महिनाभर फक्त भजनं ऐकली, तरी तिचे पैसे मुख्यतः देशातल्या गाजलेल्या गाण्यांकडे जातात. श्रोत्याचे पैसे त्याने ऐकलेल्यालाच द्यायचे, असा प्रयोग साउंडक्लाउडने २०२१ मध्ये सुरू केला, पण ती अजून सर्वांची रीत झालेली नाही.

मग त्या पोराला मी काय सांगितलं? मी म्हटलं, "तुझं गाणं वाईट आहे की नाही हे या आकड्यावरून मला सांगता येणार नाही, कुणालाच सांगता येणार नाही. आधी पेपर तपासून घेऊ." आणि आम्ही दोन कामं केली.

पहिलं काम कारकुनाचं. त्याच्या पदांची नावं 'नवीन गाणे फायनल २' अशी होती. कुणी शोधणार तरी कसं? प्रत्येक पदाला नीट नाव दिलं. शक्तीचं की तुऱ्याचं, गाव कोणतं, तालुका कोणता, पद कुणाचं, चाल कुणाची, ढोलकी कुणाची, हे मराठीत लिहिलं. पूर्ण शब्द खाली टाकले. एका पदावर तर एका संगीत कंपनीने आपोआप हक्क सांगितला होता, कारण त्याच पारंपरिक चालीवरचं एक गाणं त्यांनी आधी नोंदवलेलं. चाल पारंपरिक आहे, शब्द आणि गायन याचं आहे, असं लिहून हरकत घेतली. महिन्याभराने तो दावा मागे घेतला गेला.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं. मी विचारलं, "तुझ्या आजोबांचे श्रोते कुठे गेले?" तो म्हणाला, "दिव्याला, नालासोपाऱ्याला, विरारला." बरोबर! आपला श्रोता लखनौला नाही, तो गणपतीला कोकण रेल्वेने येतो आणि अनंत चतुर्दशीनंतर परत जातो. मग गणपतीच्या दिवसांत प्रत्येक बारीनंतर त्याने एक वही फिरवली. नाव, गाव, सध्या राहता कुठे, आणि व्हॉट्सअॅप नंबर. पाच दिवसांत एकशे चाळीस नावं झाली. नवं पद झालं की त्या एकशे चाळीसजणांना तो स्वतः पाठवतो, सोबत एक ओळ असते, 'शेवटपर्यंत ऐका आणि काय खटकलं ते सांगा.'

चमत्कार झाला असं मी सांगणार नाही. त्याच पदाचा आकडा आज दोन हजारांच्या आत-बाहेर आहे. पण आता तो आकडा काहीतरी बोलतो. अकरापैकी तीन पदं लोक शेवटपर्यंत ऐकतात आणि पुढे पाठवतात. चार पदांत लोक एकाच ठिकाणी थांबतात, कारण तिथे शब्द कोंबले आहेत, असं दिव्याच्या एका म्हाताऱ्या बुवांनी त्याला फोनवर वीस मिनिटं समजावलं. दोन पदं सरळ पडली. म्हणजे त्याला शंभरपैकी शंभर मिळाले नाहीत, पण त्याचा पेपर तपासला गेला. विरारच्या एका बाईंनी हळदीसाठी गौळणीचे शब्द मागून घेतले. या मे महिन्यात त्याला दोन सुपाऱ्या आल्या. नोकरी सुरूच आहे, आणि ती सुरू राहावी असंच मलाही वाटतं. फक्त 'थांबू का' हा प्रश्न त्याने त्यानंतर विचारलेला नाही.

यातून मला जे कळलं ते एवढंच. पहिले शंभर कान यंत्र देत नाही. ते ओळखीचे, जवळचे आणि मोकळेपणाने बोलणारे लागतात. शंभराचे लाख कदाचित यंत्र करेल, पण शून्याचे शंभर माणसांनीच करायचे असतात. पूर्वी ही सोय गावात आपोआप होती. अंगण होतं, देवळाचा सभामंडप होता. मुंबईत परळला १९२२ सालचं दामोदर नाट्यगृह होतं, जिथे कोकणातल्या कामगारांनी नमन आणि शक्ती-तुरा जागता ठेवला. तेही २०२३ च्या शेवटी पुनर्विकासासाठी बंद झालं. जागा कमी होत गेल्या आणि गाणी वाढत गेली, म्हणून ही गर्दी आणि हा एकटेपणा दोन्ही एकदमच आले.

जागा असल्या की काय होतं, हे पाहायला लांब जायला नको. रत्नागिरीत खल्वायन संस्था वर्षानुवर्षं मासिक संगीत सभा भरवते. आर्ट सर्कल थिबा पॅलेसच्या आवारात संगीत महोत्सव करतं. नव्या गायकाला तिथे समोर बसलेले लोक मिळतात. आपल्या चिपळुणात २०१३ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. एवढं मोठं कार्य ज्या गावाने पार पाडलं, त्याला महिन्यातून एकदा पन्नास माणसं जमवणं अवघड नाही.

म्हणून माझ्या मागण्या आहेत. शाळेच्या नव्या इमारतीला देणगी देऊच, ती यादी वेगळी आहे. या मागण्या कमी खर्चाच्या आहेत.

एक. मुख्याध्यापकांनी तत्त्वतः होकार दिला आहे की महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी हे सभागृह आपल्याला मिळेल. दीड तास, तालुक्यातला एकच गाणारा किंवा एकच मंडळ. भजन असो, जाखडी असो, गिटार घेऊन स्वतःची गाणी गाणारी कॉलेजची मुलगी असो. प्रमुख पाहुणे नाहीत, सत्कार नाहीत, शाल-श्रीफळ नाही. शंभर रुपये प्रवेश, आणि जमलेले सगळे पैसे कलाकाराचे. दर महिन्याला एका बॅचने जबाबदारी घ्यायची.

दोन. जे मुंबई-पुण्यात किंवा परदेशात आहेत त्यांनी महिन्याला एक गाणं ऐकायचं, पण पूर्ण ऐकायचं. काय आवडलं, काय खटकलं ते दोन ओळींत त्या कलाकाराला लिहायचं, आणि आवडलं तर ज्याला खरंच आवडेल अशा एकालाच पाठवायचं. पन्नास ग्रुपवर ढकललेलं गाणं कुणी ऐकत नाही, हे आपण सगळे स्वतःवरून जाणतो.

तीन. घरच्या हळदीला, पूजेला, साठीशांतीला गावातलं मंडळ बोलावा आणि ठरलेली बिदागी पूर्ण द्या. 'घरचाच आहे' म्हणून नारळावर बोळवण नको.

चार. ज्यांच्या घरी जुनी बाडं आहेत, त्यांनी पानांचे फोटो काढून ठेवा. पुन्हा पाणी कधी येईल सांगता येत नाही. आणि जी मुलं स्वतः लिहितात, चाल लावतात, त्यांना इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीची माहिती द्या. १९६९ पासूनची ही संस्था गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करते. २०१२ च्या कायद्यातल्या दुरुस्तीने त्यांचा तो वाटा कुणाला परस्पर लिहून घेता येत नाही. अर्ज भरायला मदत लागली तर ते काम माझं.

इथे बसलेल्या सर आणि बाईंना शेवटी एक विनंती. तुम्ही आयुष्यभर गठ्ठेच्या गठ्ठे पेपर तपासलेत. नापास केलंत तेव्हाही आधी पूर्ण वाचलंत, समासात कुठे चुकलं ते लिहिलंत. या मुलांना आज अंगठा वर करून दाखवणारे पुष्कळ भेटतात, समासात लिहिणारं कुणी भेटत नाही. पहिल्या काही संध्याकाळी तुम्ही पुढच्या रांगेत बसावं, अशी माझी फार इच्छा आहे.

बाहेर चहाच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. नाव, बॅच, सध्या राहता कुठे, आणि कोणता महिना घेता. पहिली संध्याकाळ पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी आहे. आमच्या बॅचने तो महिना घेतला आहे, बाकीचे अकरा अजून मोकळे आहेत.